थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी आईबापांची सही मागू नका : बडोद्यातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहर व जिल्ह्यातील बालशल्यचिकित्सक, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञ

सन्माननीय डॉक्टर महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी रावपुऱ्यात राहणारे एक तरुण जोडपे माझ्या घरी आले. त्यांना माझा पत्ता कोणी दिला हे महत्त्वाचे नाही. ज्याचे जननेंद्रिय जन्मतः वेगळे दिसते असे मूल ज्या घरात जन्मते त्या घरातील माणसे आज ना उद्या एकमेकांना शोधून काढतात. पाच महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती आणि बापाच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. फाइलमध्ये सोनोग्राफीचा अहवाल होता, 17-ओएचपी या संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा अहवाल होता, 46 एक्सएक्स, म्हणजे सामान्यतः मुलींची असतात ती गुणसूत्रे, असे लिहिलेला गुणसूत्रांचा अहवाल होता आणि सर्वांत वर जननेंद्रियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याची तारीख होती. सोबत संमतिपत्रकाचा कोरा नमुना दिलेला होता, घरी वाचून सही करून आणण्यासाठी. तो मुलगा, असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, मला म्हणाला, "काकू, तुम्ही यातून गेला आहात. तुम्हीच सांगा, सही करू का?"

मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. मी चहा केला, बाळाच्या गोळ्यांची वेळ विचारली, ताप आला तर डोस कसा वाढवायचा हे समजावून सांगितले आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. 23 वर्षांपूर्वी याच शहरात तशाच एका कागदावर मी सही केली होती. तो कागद आजही माझ्याकडे आहे, आणि त्या मुलाच्या फाइलमधला नमुना मी त्याच्याशेजारी ठेवून पाहिला, तेव्हा रुग्णालयाचे नाव सोडले तर दोन्ही कागदांत मला फारसा फरक दिसला नाही. मधल्या काळात न्यायालयांनी निकाल दिले, परदेशांत कायदे झाले, तुमच्याच शास्त्रातील जाणकारांनी आपली मते बदलली, आणि बडोद्यातल्या एका बापाला मात्र तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जात आहे. हे मला गप्प राहून सहन होत नाही, म्हणून हे पत्र.

या पत्राची गुजराती प्रत तुमच्यापैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहून प्रसिद्ध करण्याचे कारण वेगळे आहे. दांडिया बाजारात आणि आसपास गायकवाडांच्या काळापासून राहणारी आमची घरे आहेत, आणि या घरांत असा विषय आजवर फक्त स्वयंपाकघरात, दार लोटून बोलला गेला आहे. त्यांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. खाली मी माझे नाव लिहिलेले नाही, कारण माझ्या नावावरून माझी मुलगी ओळखली जाईल. जे घडले ते तिच्या शरीराचे आहे. पत्राचा पहिला खर्डा मी तिला वाचायला दिला होता. तिने पेन्सिलीने दोन परिच्छेद पूर्ण खोडले आणि एका वाक्याखाली रेघ मारून 'हे राहू दे' असे लिहिले. खोडलेले परिच्छेद या पत्रात नाहीत.

ती जन्मली तेव्हा प्रसूतिगृहात आम्हाला सांगण्यात आले की मुलगीच आहे, थोडी सूज दिसते ती उतरेल. घरी बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंच्या लक्षात पहिल्याच दिवशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून सासूबाई खोलीत येण्याआधी बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवू लागल्या. बारसे आम्ही पुढे ढकलले. बायका पाळण्याभोवती जमतील, कोणीतरी लंगोट बदलायला घेईल, ही माझी भीती होती. आणि घरात मूल झाले की टाळ्या वाजवत दारात येणाऱ्या पावैयांना, म्हणजे तृतीयपंथीयांना, हे कळले तर काय, ही सासूबाईंची भीती होती. आज त्या भीतीची मला लाज वाटते. ज्यांना आम्ही घाबरत होतो त्यांनी आमचे काहीही वाईट केले नव्हते. पण ती भीती होती आणि पुढचे सर्व निर्णय तिच्यातून झाले, हे मी लपवत नाही.

सोळाव्या दिवसापासून तिला उलट्या सुरू झाल्या. पहिल्यांदा सांगितले गेले की दूध पचत नाही. दुसऱ्यांदा दूध पाजण्याची पद्धत बदलायला सांगितली. तिसऱ्यांदा नेले तेव्हा तिचे वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी झाले होते, डोळे खोल गेले होते आणि ती रडत नव्हती. रक्तातले सोडियम, म्हणजे मीठ, 112 निघाले, धोक्याइतके कमी. त्या रात्री कर्तव्यावर असलेल्या एका तरुण डॉक्टरांनी आजार ओळखला, आणि ते नसते तर हे पत्र लिहायचे कारण उरले नसते.

आजाराचे नाव कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया, म्हणजे सीएएच. तुम्हाला तो सांगण्याची गरज नाही, वाचकांसाठी सांगते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये एक विकर कमी असते, त्यामुळे शरीराला लागणारे कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही, बऱ्याच बाळांत मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉनही तयार होत नाही, आणि तो सगळा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. म्हणून गर्भाशय आणि अंडाशय असलेल्या मुलीचे बाह्य अवयव जन्मतः वेगळे दिसू शकतात. ते वेगळे दिसणे मुलीला मारत नाही. तिला मारते ते मीठ, जे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शरीरातून वाहून जाते. उपचार म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, आणि तान्हेपणी वरून थोडे मीठ. मी त्या गोळीचा चौथा भाग दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करत असे, चार थेंब पाण्यात कालवत असे आणि बोटाने तिच्या गालात लावत असे, दिवसातून तीनदा, न चुकता. तिला पहिला दात आला तेव्हा तो माझ्या बोटाला त्या गोळीच्या वेळी लागला.

हे सर्व तातडीचे होते आणि ते उशिरा झाले. ती चौदा महिन्यांची असताना जे झाले ते तातडीचे नव्हते आणि त्याची मात्र सर्वांना घाई होती. "बेन, नानुं ऑपरेशन छे, छोकरीने याद पण नहीं रहे," म्हणजे लहानसे ऑपरेशन आहे, मुलीला आठवणारही नाही, असे मला सांगितले गेले. लवकर केले की जखम चांगली भरते, शाळेत जायच्या आत सगळे नीट दिसेल, पुढे लग्नाला अडचण येणार नाही. ते डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी फीमध्ये सवलत दिली, रात्री फोन उचलला, तिच्याशी प्रेमाने वागले. त्यांना जसे शिकवले गेले होते तसे त्यांनी केले, आणि आम्हाला जसे सांगितले गेले तशी आम्ही सही केली. चार वर्षांची असताना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, कारण पहिलीचा व्रण आवळला होता. पहिल्या वेळी अशा दुसऱ्या वेळेचा उल्लेख कोणी केलेला नव्हता.

ती सतरा वर्षांची असताना, बारावीच्या प्रवेशाच्या कागदांसाठी लोखंडी कपाटातला खण उपसत होती तेव्हा तिला ती फाइल मिळाली. तोपर्यंत तिला गोळ्यांचा आजार माहीत होता, ऑपरेशनबद्दल 'लहानपणी पोटाचे झाले होते' एवढेच आम्ही सांगत आलो होतो. तिने डिस्चार्जचा कागद वाचला, त्यातला लांबलचक इंग्रजी शब्द मोबाइलवर शोधला, आणि संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते तिथे येऊन जमिनीवर बसली. तिने विचारले, "आई, तेव्हा मला काय त्रास होत होता?"

मी म्हणाले, तुला काही होत नव्हते.

"मग कोणाला होत होता?"

तिने ज्याखाली रेघ मारली ते वाक्य हे आहे.

डॉक्टर महोदय, माझ्या तक्रारी या प्रश्नातूनच येतात. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की जो त्रास आईबापांचा होता त्यावर उपचार मुलीच्या शरीरावर केला गेला. मी घाबरलेली होते, मला झोप लागत नव्हती, माझे दूध आटले होते. मला त्या वेळी समुपदेशक हवा होता, अशाच आजाराच्या मुलीची दुसरी एखादी आई हवी होती, आणि 'थांबलात तरी चालेल' एवढे सांगणारे कोणीतरी हवे होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शिकागो येथील बैठकीतून निघालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनात स्पष्ट मान्य केले आहे की पहिल्या वर्षात केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने पालकांचा ताण कमी होतो असे मानले जाते, पण त्याला पद्धतशीर पुरावा नाही. हे निवेदन तुमच्याच शास्त्रातील लोकांचे आहे. त्यात दिसण्यापेक्षा अवयवाच्या कार्याला महत्त्व द्यावे असेही म्हटले आहे. मग 'नीट दिसेल' हे शब्द आजही कसे उच्चारले जातात?

'लवकर केले तर आठवणार नाही' ही समजूत कुठून आली याचाही मी शोध घेतला. कॅनडातील डेव्हिड रायमर नावाचा जुळ्यांपैकी एक मुलगा, जन्म 1965 चा, आठ महिन्यांचा असताना सुंतेच्या वेळी वापरलेल्या विजेच्या उपकरणाने इतका भाजला गेला की त्याचा अवयव नष्ट झाला. अमेरिकेतील जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले, आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचे जगभर शिकवले गेले. तो यशस्वी झालेलाच नव्हता. चौदाव्या वर्षी सत्य कळल्यावर त्याने पुन्हा मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली, 1997 मध्ये त्याची खरी हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि 2004 मध्ये त्याने आत्महत्या केली. लहानपणी शरीराला जसा आकार द्याल तसे मूल घडेल, या कल्पनेचा मोठा आधार या एका खोट्या यशावर उभा होता. माझ्या मुलीला शस्त्रक्रियेची आठवण नाही हे खरे आहे. पण व्रण आहे, संवेदना गेली आहे, आणि दर तपासणीच्या आधी दोन दिवस ती जेवत नाही.

दुसरी तक्रार संमतिपत्रकाबद्दल आहे. त्यात भुलीचे धोके होते, रक्तस्रावाचा धोका होता, संसर्गाचा होता. संवेदना कमी होऊ शकते, व्रण आवळून पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, मूल मोठे होऊन स्वतःची ओळख वेगळी सांगू शकते, यातले एक अक्षर नव्हते. आणि काहीही न करता वाट पाहणे हाही एक मार्ग आहे, हे तर नव्हतेच. समोर दुसरा मार्गच नसेल, तर त्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

तिसरी तक्रार छोटी आहे. आम्हाला जन्मनोंदणीची भीती घातली गेली, की दाखल्यावर काय लिहिणार. जन्म 21 दिवसांत कळवावा लागतो हे खरे, पण नावाची जागा कोरी ठेवून नाव नंतर भरता येते, आणि आता नोंदीसाठी स्त्री-पुरुषापलीकडचा पर्यायही आहे. कागदासाठी शरीर कापण्याची गरज कधीच नव्हती.

यानंतर मी जे लिहिणार आहे ते काहींना खटकेल, तरीही ते लिहिल्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होत नाही. आपल्या गुजरातेत आणि मध्य प्रदेशातही दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींचा खतना होतो. त्या समाजातील स्त्रियांनीच धैर्याने पुढे येऊन आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून आपल्याला ते कळले. त्याविरुद्ध 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि 2018 मध्ये ती घटनापीठाकडे सोपवली गेली. युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात 23 कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया अशा कापण्यातून गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे वैद्यकीय कारणाशिवाय स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग काढणे किंवा त्याला इजा करणे म्हणजे हा प्रकार, आणि तो डॉक्टरच्या हातून, निर्जंतुक साधनांनी झाला तरीही ती संघटना त्याचा विरोधच करते. तुमच्यापैकी बहुतेकांना ही प्रथा मान्य नसेल, हे मी जाणते. मग मला एवढेच विचारायचे आहे की माझ्या मुलीच्या बाबतीत वैद्यकीय कारण कोणते होते? तिला लघवी होत होती. तिला वेदना नव्हती. तिला पाळी यायला अजून दहा-बारा वर्षे होती, आणि तेव्हा अडथळा आला असता तर तेव्हा पाहता आले असते. कारण होते ते लोक काय म्हणतील हे, आणि पुढे लग्न कसे होईल हे. खतना करणारी आजीदेखील आपल्या नातीबद्दल हीच कारणे सांगते. आमच्या घरात त्या समाजाविषयी चार वाक्ये सहज बोलली जात. फाइल सापडल्यापासून मी ती बोलणे सोडले आहे.

मुलग्यांबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो. तान्ह्या मुलाच्या शिश्नावरची कातडी मागे सरकत नाही हे नैसर्गिक असते आणि बहुतेकांत ती वयाबरोबर सुटते, तरी घाबरलेल्या आईबापांना लगेच शस्त्रक्रियेची तारीख मिळते. धार्मिक सुंतेचा प्रश्न फार मोठा आहे आणि त्यावर बोलण्याचा अनुभव माझ्यापाशी नाही. पण निरोगी अवयवाला कात्री लावण्याआधी ज्याचा तो अवयव आहे त्याला विचारता येईल का, एवढा विचार तिथेही लागू आहे.

तुमची बाजू मी ऐकलेली आहे. सीएएच असलेल्या काही स्त्रिया मोठेपणी सांगतात की लहानपणी झाले तेच बरे झाले, आणि मी त्यांचे म्हणणे नाकारत नाही; त्यांच्या शरीराबद्दल त्यांनाच अधिक ठाऊक. पण ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांना ती सोळाव्या, अठराव्या, पंचविसाव्या वर्षी मिळू शकते, मग ती थोडी अवघड का असेना. ज्यांना ती नको होती त्यांना काय परत देणार? लघवी अडत असेल, मूत्राशय उघडे राहिलेले असेल, कर्करोगाची खरी भीती असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिथे मी स्वतः आईबापांचा हात धरून सही करायला लावीन.

कायद्याकडे बोट दाखवून 'पालकांची संमती पुरेशी आहे' असे म्हटले जाते. बारा वर्षांखालील मुलासाठी पालकांच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 89 ने संरक्षण दिले होते आणि नव्या न्याय संहितेत ते कलम 27 मध्ये आहे, पण ती कृती मुलाच्या हितासाठी असली पाहिजे ही त्याची अट आहे. ते हित कोणते, यावर आपल्या न्यायालयांनी बोलून ठेवले आहे. 22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने, न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी, पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही असे सांगून इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः लिंगलक्षणे स्त्री किंवा पुरुष अशा ठरावीक साच्यात न बसणाऱ्या, बालकांवरील अशा शस्त्रक्रिया थांबवण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने जिवाला धोका असेल ते प्रसंग वगळून त्यांवर बंदी घातली. जानेवारी 2021 मध्ये दिल्लीच्या बालहक्क आयोगाने तिथल्या सरकारला तशीच शिफारस केली. ऑगस्ट 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे सात वर्षांच्या मुलाचे आईबाप आले होते. मूल सीएएचचे, गुणसूत्रे 46 एक्सएक्स, म्हणजे अगदी माझ्या मुलीसारखे. त्यांना शस्त्रक्रियेची परवानगी हवी होती. न्यायालयाने ती दिली नाही. मुलाच्या संमतीशिवाय असे करणे त्याच्या प्रतिष्ठेच्या आणि खासगीपणाच्या हक्कावर घाला ठरेल असे सांगून निर्णय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला, आणि अशा शस्त्रक्रियांचे नियमन करायला सरकारला सांगितले. माल्टाने 2015 मध्ये कायद्याने हे थांबवले, जर्मनीने 2021 मध्ये. शिकागोतील ल्युरी बालरुग्णालयाने 2020 मध्ये पूर्वी झालेल्या अशा शस्त्रक्रियांबद्दल जाहीर माफी मागितली. कायदा यायची वाट न पाहता एखादे रुग्णालय स्वतःहून थांबू शकते, याचे हे उदाहरण आहे, आणि म्हणूनच मी आधी तुम्हाला लिहीत आहे, सरकारला नंतर.

माझ्या मागण्या अशा आहेत. ज्या मुलाच्या जिवाला, लघवीच्या मार्गाला किंवा तब्येतीला तातडीचा धोका नाही, त्याच्या जननेंद्रियावर परत न फिरवता येणारी शस्त्रक्रिया ते मूल स्वतः समजून 'हो' म्हणेपर्यंत करू नये, आणि तशा शस्त्रक्रियेसाठी आईबापांपुढे संमतिपत्रक ठेवूच नये. अंडाशय किंवा वृषण यांसारख्या शरीरातील लैंगिक ग्रंथी काढून टाकण्यालाही हेच लागू असावे.

असे मूल जन्मले की पहिल्या आठवड्यातच आईबापांची भेट संप्रेरकतज्ज्ञाशी आणि समुपदेशकाशी घालून द्यावी, आणि त्यांची तयारी असेल तर ज्या कुटुंबाने हा रस्ता चालला आहे अशा कुटुंबाशीही. माझा दूरध्वनी क्रमांक मी पत्रासोबत पाठवला आहे. तो कोणत्याही आईला द्यावा, रात्रीसुद्धा. वाट पाहण्याचा मार्ग, त्याचे फायदे-तोटे आणि शस्त्रक्रियेनंतर मोठेपणी होणारे परिणाम गुजराती, हिंदी आणि मराठीत छापून त्यांच्या हातात द्यावेत.

मुलाची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत आणि ते मोठे झाल्यावर मागेल तेव्हा त्यालाच द्यावीत. माझ्या मुलीने तिच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी मागितल्या तेव्हा तिला सांगण्यात आले की इतक्या जुन्या नोंदी ठेवत नाहीत. तिच्या शरीरातून काय काढले हे आज तिला कोणीही नेमके सांगू शकत नाही.

आणि जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी, सीएएच ओळखणारी 17-ओएचपी तपासणी तुमच्या प्रत्येक प्रसूतिगृहात प्रत्येक बाळाची व्हावी. हा आजार असलेले मुलगे तर बाहेरून अगदी सामान्य दिसतात. उलट्या होऊन, पाणी कमी होऊन, आजाराचे नाव न कळताच ते जाऊ शकतात. घाई करायचीच असेल तर ती इथे करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या देशात ही तपासणी सर्व बाळांसाठी सक्तीची नाही, पण ती करण्यापासून तुम्हाला कोणी अडवलेलेही नाही.

शेवटची मागणी अशी की तुमच्या संघटनांच्या शहर शाखांच्या बैठकीत हा विषय घ्यावा, तमिळनाडूसारखा आदेश गुजरातेत काढावा असे तुम्ही डॉक्टरांनीच राज्य सरकारला लिहावे, आणि त्या बैठकीला माझ्या मुलीला बोलवावे. ती येईल. तिने मला तसे लिहायला सांगितले आहे, मात्र तिथे तिला कोणी तपासायचे नाही, फक्त ऐकायचे.

रावपुऱ्यातील त्या जोडप्याने सही केलेली नाही. काल त्यांचा फोन आला होता. बाळाला सर्दी आहे, गोळीचा डोस वाढवला आहे, वजन साडेसहा किलो झाले आहे, आणि रुग्णालयातून आठवण करून दिली गेली आहे की दिलेली तारीख रद्द करायची असेल तर आधी कळवा. ती तारीख पुढच्या महिन्याच्या 14 ला आहे. त्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी त्यांना बोलावून घ्यावे आणि समोर बसवून सांगावे की थांबता येते.

आपली नम्र,
एक आई
दांडिया बाजार, बडोदे